आफ्रिकेच्या आधी बोथ्याचं जंगल

पहाटे साडेपाचला मी अंगणातला दिवा लावला, तर ताई आधीच पायरीवर येऊन बसली होती. अंगात खाकी सफारी सूट, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला सुती रुमाल आणि गळ्यात भाच्याची जुनी दुर्बीण. मला पाहून ती म्हणाली, "किती वेळ वं रेखे? हत्ती तुह्यासाठी थांबून राह्यला का?"

हत्ती तिथून साडेचार-पाच हजार किलोमीटरवर, केनियातल्या अंबोसेली राष्ट्रीय उद्यानात होते. आम्ही त्या रविवारी निघालो होतो ज्ञानगंगा अभयारण्यात. आमच्या बुलढाण्याहून खामगावच्या रस्त्याला लागलं की अर्ध्या-पाऊण तासात बोथ्याचं जंगल सुरू होतं, तेच हे. आफ्रिकेला जायचं की नाही, हे ठरवण्याआधी एक रंगीत तालीम करावी, अशी कल्पना माझी होती. आफ्रिकेची कल्पना मात्र सगळी ताईची.

माझी ही थोरली बहीण, कमल, डोणगावला राहते. तीस वर्षं मेहकर तालुक्यातल्या उपकेंद्रांवर तिने नर्स म्हणून नोकरी केली. त्या भागात पंचविशीच्या आतला एखादा दंड तिच्या सुईतून सुटला असेल, असं मला वाटत नाही. निवृत्त झाल्यावर तिला टीव्हीवरच्या प्राण्यांच्या कार्यक्रमांचा नाद लागला. मागच्या दिवाळीनंतर एका दुपारी तिचा ऑफिसात फोन आला.

"जय भीम. रेखे, तुले पासपोर्ट हाये का?"

"जय भीम. नाही. का?"

"मंग काढून घे. आपल्याले आफ्रिकेत जायचं हाये."

मी कॉलेजात लिपिक आहे. माझा आजवरचा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे बुद्धगया, तोही ताईसोबत, रेल्वेने, चाळीस जणांच्या गराड्यात. विमान मी फक्त खालून पाहिलेलं. मी हसून विषय टाळला. ताईने टाळू दिला नाही. संध्याकाळी पुन्हा फोन करून तिने कारण सांगितलं. आम्ही लहान असताना डोणगावच्या बाजारात एक हत्ती यायचा. कपाळावर रंग, अंगावर झूल, वर बसलेला माणूस. आम्ही पोरी मागे मागे फिरायचो.

"त्याच्या डोयातून पानी वाहे," ताई म्हणाली. "तुले याद नसंल, तू लहान होती. मले आता असा हत्ती पाह्यचा हाये, ज्याच्यावर कोनी बसेल नाही."

"असे हत्ती कर्नाटकातही आहेत, ताई."

"असतीन. पर मी टीव्हीवर पाह्यलं, उघडं रान, मांगं बर्फाचा डोंगर, अन् एका म्हातारीच्या मांगं सारा कळप. टीव्हीवाला म्हने, तठी म्हातारी हत्तीनच कारभारीन असते. ती म्हनीन तिकडं पानी. इथं रिटायर झाल्यावर घरात भाजी कोनती करायची तेही कोनी विचारत नाही."

मी दोघींचे पासपोर्टचे अर्ज भरले.

अर्ज भरताना कळलं, की कागदोपत्री आम्हा दोघींचाही जन्म एक जूनचा आहे. त्यात नवल नाही. आमच्या शाळेतल्या गुरुजींनी अख्खा वर्ग एक जूनला जन्माला घातला होता. माझ्या पडताळणीला आलेल्या हवालदारांनी दोघींची कागदपत्रं शेजारी पाहून विचारलं, "जुळ्या का?" ताई म्हणाली, "नाही साहेब, आमच्या गावात साऱ्याइचाच वाढदिवस एका दिवशी असते. जेवनाचा खर्च वाचते." हवालदार हसले. त्यांचाही एक जूनच निघाला.

पासपोर्ट आले. अकोल्याच्या एक बाई ऑगस्टमध्ये पंधरा जणांचा गट घेऊन केनियाला जाणार होत्या. त्यांच्याकडे दोन जागा होत्या आणि नावं पक्की करायला त्या रविवारनंतरच्या सोमवारपर्यंतची मुदत. तिकडून येताना पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो. ताईच्या वयामुळे डॉक्टरांनी आधी तपासण्या सांगितल्या, त्या सगळ्या चांगल्या आल्या. त्या बाईंनी एक सूचनांचा कागदही पाठवला होता. जीपमध्ये सहा-सहा तास बसावं लागेल. रस्ते खडबडीत. मधे कुठेही उतरता येणार नाही. प्राणी जवळ आल्यावर संपूर्ण शांतता. भडक रंग नकोत, पांढरा नको, मातकट रंगाचे सुटसुटीत कपडे.

तो कागद मी ऑफिसच्या सवयीने फाइलला लावला आणि वाचून वाचून धास्तावले. ताईचे गुडघे दुखतात. ताईला धुळीने खोकला येतो. आणि ताई दोन मिनिटं गप्प बसल्याचं मला आठवत नाही. म्हणून मी म्हटलं, आधी आपल्या जिल्ह्यातलं जंगल करू. तिथे जमलं, तर पुढचं.

"परीक्षा घेऊन राह्यली का माही?" ताईने विचारलं.

"तसं समज."

"घे. पर कपडे आफ्रिकेचेच घालीन."

तर कपडे. आमच्या इकडे सफारी म्हटलं की जंगल कुणाला आठवत नाही, साहेब आठवतो. अर्ध्या बाह्यांचा, एकाच कापडाचा शर्ट-पँट, तो सफारी. बसस्टँडच्या मागे रशीदभाई टेलर आहेत, त्यांची यात हयात गेली. मी खाकी कापड त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"साहेबाचं माप आणलं का, मॅडम?"

"साहेबाचं नाही. हिचं." मी ताईकडे बोट केलं.

रशीदभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "मॅडम, पस्तीस साल झाले सफारी शिवून राह्यलो. तहसीलदाराची शिवली, बीडीओची शिवली, सरपंचाची तं गिनतीच नाही. लेडीजची एकबी नाही."

"मंग आता शिकून घ्या, भाऊ," ताई म्हणाली.

ते शिकले. मापं घेता घेता त्यांना रंग चढला. खिसे किती, असं त्यांनी विचारल्यावर ताई म्हणाली, "जितके बसतीन तितके लावा. तीस साल पांढऱ्या साडीत फिरली, एकही खिसा नव्हता." त्यांनी आठ लावले. माझ्यासाठी मी मातकट पंजाबी ड्रेस काढला, माझी तेवढी हिंमत नव्हती.

निघण्याआधी मी चहा केला. दोन कप मी घेतले. ताईने कपाला हातही लावला नाही.

"घे गं, थंडी आहे."

"नको. बाईमानसानं दौऱ्यावर जायाच्या आधी चहा घ्यायचा नसते. ही नर्सची पह्यली ट्रेनिंग हाये." मी फार लक्ष दिलं नाही.

उजाडता उजाडता आम्ही भाड्याच्या गाडीने जंगलाच्या फाटकाशी पोचलो. समाधान नावाचा चाळिशीचा वाटाड्या तिथे ड्रायव्हरसोबत उघड्या जीपपाशी उभा होता. जवळच्याच गावचा, उन्हाने रापलेला, बोलणं हळू. फाटकावरच्या वनरक्षकाने ताईला गाडीतून उतरताना पाहिलं मात्र, हातातला कप खाली ठेवून तो ताडकन सरळ झाला आणि त्याने कडक सलाम ठोकला. "जय हिंद, मॅडम!"

ताईने एक क्षणही न दवडता मान हलवली. "जय हिंद. रजिस्टर भरेल हायेत ना सारे?"

"हो मॅडम!"

"शाब्बास. मी डोणगावची नर्सबाई. जंगल पाह्याले आली."

वनरक्षक लाजला, मग समाधानसोबत पोट धरून हसला. आत जाताना त्याने पुन्हा सलाम केला. या वेळी तो नुसता मजेचा होता.

मार्चमधलं आमचं जंगल ज्याने पाहिलं नाही, त्याला ते आधी निराश करतं. सागाची पानं गळून गेलेली, नाल्यात नुसते दगड, गवत वाळून पिवळं पडलेलं. पण सूर्य वर आला आणि त्या करड्या रानात ठिकठिकाणी पळस पेटले. पानं एकही नाही, नुसता केशरी रंग. सालईच्या पांढुरक्या खोडांवर ऊन पडलं. वाळल्या पानांवर कुठे काही चाललं की कुरकुर ऐकू यायची आणि आम्ही सगळे एकदम त्या बाजूला माना वळवायचो. बहुतेक वेळा साळुंकी असायची. एकदा मोर निघाला, लांब पिसारा सावरत, लग्नाला उशीर झाल्यासारखा घाईत.

मग रोही दिसले. आमच्याकडे नीलगाईला रोही म्हणतात. सात-आठ माद्या आणि एक मोठा काळसर नर, रस्त्याच्या कडेला, आमच्याकडे बघत. समाधान कुजबुजला, "हे शेतात आले का आमी शिव्या देतो. इथं पाह्याले लोक लांबून येतात."

चितळांचा कळप झाला, काळतोंडी माकडं झाली, बोरीखालून उधळलेलं एक भेकर (भुंकणारं छोटं हरीण) झालं. समाधानने एका वाकणावर मागे इथे आलेल्या वाघाची गोष्ट सांगितली. पार यवतमाळकडच्या जंगलातून तो कित्येक जिल्हे ओलांडत, शेतं, रस्ते, नद्या तुडवत इथवर चालत आला होता.

"एकटाच?" ताईने विचारलं.

"एकटाच."

"अन् आपल्याले नैरोबीले जायाले किती कागद लागून राह्यले!"

मी मनातल्या वहीत खुणा करत होते. गुडघे, ठीक. खोकला, एकदा. बडबड, कुजबुजीच्या आवाजात, म्हणजे अर्धे गुण. ताई खरोखर पास होत होती. नापास होत होते मी. जीपच्या लोखंडी दांड्यावर माझी बरगडी तीनदा आदळली होती. आणि निघताना घेतलेले दोन कप चहा आता आपलं अस्तित्व दाखवू लागले होते.

"समाधानभाऊ," मी शेवटी विचारलं, "जरा खाली उतरता येईल का?"

"इथं नाही, मॅडम. पुढं वनचौकी हाये, तिथं सोय हाये. पंधरा-वीस मिनिटं."

ताई तोंडाला रुमाल लावून खुदखुदत होती. "चहा गोड होता का वं?"

मी तिच्याकडे पाहिलं नाही. गाडी एका कोरड्या नाल्यात उतरली, दगडावरून डचमळली आणि बंद पडली. ड्रायव्हरने दोनदा चावी फिरवली. इंजीन नुसतं खोकलं. तेवढ्यात समाधानने हात वर केला.

नाल्याच्या पलीकडे, तीसेक पावलांवर, एक वारूळ होतं आणि वारुळाशी काळा ढीग हलत होता. आवाज येत होता, कोणी जाड नळीतून जोरात हवा ओढावी तसा. अस्वल वाळवी ओढून खात होतं.

"हलू नका," समाधान ओठ न हलवता म्हणाला. "आवाज नको."

ढिगाने डोकं वर केलं. मातकट लांब तोंड, त्यावर वाळवीची माती. ते आमच्याकडे वळलं आणि मागच्या दोन पायांवर उभं राहिलं. छातीवरचा पांढरा चंद्र दिसला, लांब पांढरी नखं दिसली.

पुढे मी जे केलं ते मला लिहायला लाज वाटते, पण प्रवासवर्णन लिहायचं तर खरं लिहावं. मी ओरडले. तसा आवाज माझ्या गळ्यात आहे हे मला पन्नाशी उलटून गेली तरी ठाऊक नव्हतं. नुसती ओरडले नाही, तर उठले आणि एक पाय जीपच्या बाहेर टाकला. कुठे जाणार होते, देव जाणे. समाधानने माझी ओढणी धरली. पण मला थांबवलं ते ताईने. तिने माझं मनगट पकडलं, खाली ओढलं आणि माझ्या कानाशी अगदी हळू बोलू लागली.

"तिकडं नको पाहू. माह्याकडं पाह्य. श्वास घे. हाव, असा. झालं. आता झालं. सोड श्वास. झालंच हं बाप्पा, झालं."

तो आवाज मी ओळखला. लस देताना रडणाऱ्या पोरांशी ती याच आवाजात बोलायची. मी डोळे गच्च मिटून घेतले आणि तिच्या खाकी बाहीत तोंड खुपसलं. पलीकडे पानं करकरली, एक घुरकणं ऐकू आलं, मग दूर जाणारी धाडधाड. इंजीन सुरू झालं. मी डोळे उघडले तेव्हा वारूळ होतं, ताजी उकरलेली माती होती, अस्वल नव्हतं.

समाधान रागावला नाही, पण त्याचा चेहरा उतरला होता. "मॅडम, पाय बाहेर पडला असता, तं तिनं तुमाले माफ केलं नसतं. गाडीले ते गाडी समजतात. उतरेल मानसाले मानूस समजतात." मी मान खाली घालून बसले. वनचौकी आली, सोय झाली, पण माझं धैर्य परत आलं नाही.

दुपारी जेवायला समाधानच्या घरी थांबलो. जंगलाला लागूनच त्याचं गाव. कुडाच्या पडवीत त्याच्या बायकोने सतरंजी टाकली आणि गरम ज्वारीच्या भाकरी, चुलीत भाजलेल्या वांग्याचं भरीत, बेसन, लाल मिरचीचा ठेचा आणि माठातलं ताक पुढे ठेवलं. आमच्याकडे पिठल्याला बेसन म्हणतात, आणि ते इतकं घट्ट असतं की भाकरीवर उभं राहतं. ताई ठेचा चाखून डोळे पुसत होती आणि पुन्हा मागत होती. मी अर्ध्या भाकरीवरच थांबले.

समाधान बैलांना पाणी दाखवायला गेला, त्याची बायको आत गेली. मी म्हटलं, "ताई, तू जा आफ्रिकेला. मी नाही येत."

"काऊन?"

"पाहिलंस ना सकाळी. मी तुझी परीक्षा घ्यायला आले होते. खरं सांगू? तुझ्या गुडघ्यांचं निमित्त होतं. मलाच भीती वाटत होती. विमानाची, परदेशाची, सगळ्याची. तू नापास झाली असतीस, तर मला न जाण्याचं कारण मिळालं असतं."

हे बोलून झाल्यावर मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. नुसतं हलकं वाटलं.

ताईने हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. तिने समजूत घातली नाही. तिने विचारलं, "सकायी तुले काय दिसलं?"

"अस्वल."

"अन् पोरगं?"

"कोणतं पोरगं?"

"अव, पाठीवर बसेल होतं तिच्या! वारुळामांगं खेळत होतं. तू बोंबलली, तं ते पयत आलं अन् मायच्या पाठीवर चढलं. दोन्ही हातानं केस धरले अन् असं चिपकून बसलं." ताईने दोन्ही मुठी आवळून दाखवल्या. "मंग ती पयाली. मी आयुष्यात असं काही पाह्यलं नाही, रेखे."

माझ्या आत काहीतरी खट्कन तुटलं. भीती नव्हे, दुसरंच. तीस पावलांवर, माझ्या समोर, अस्वलीण पाठीवर पोर घेऊन पळाली होती आणि मी बाहीत तोंड खुपसून बसले होते.

"तू मला म्हणालीस, तिकडं पाहू नको."

"म्हटलं. तू पोरासारखी करत होती, म्हनून पोराले म्हनतो तसं म्हटलं." ताईने ताकाचा घोट घेतला. "तुले काय वाटते, मले भेव लागत नाही? माही पह्यली पोस्टिंग होती. नाल्याले पूर, पलीकडं वस्ती, अन् लशीची पेटी डोक्यावर. दोरी धरून पलीकडं जायाचं. मी इतकी कापत होती का पेटीतला बर्फ वाजत होता. मांगून एक म्हातारी ओरडली, 'बाई, डोये नको मिटू, पाय कुठी टाकतं ते पाह्य.' भेव गेलं नाही. पर पाय बराबर पडला."

समाधान परत आला. ताईने त्याला विचारलं, "भाऊ, दुपारची फेरी असते ना?"

"असते ना. तीन वाजता."

"मंग आमाले घेऊन चाला. अन् हिले समोर बसवा."

मी नाही म्हणू शकले असते. म्हटलं नाही. त्या न पाहिलेल्या पोराने माझ्या मनात घर केलं होतं. मात्र समाधानच्या बायकोने चहा पुढे केला, तेव्हा मी हात जोडले. ताईने माझ्या पाठीत धपाटा घातला. "शिकली!"

तीन वाजता ऊन कडक होतं. जंगल सकाळपेक्षा मोठं आणि मुकं वाटत होतं. मी समोर बसले होते, दोन्ही हातांनी दांडा धरून. त्या नाल्यात गाडी उतरली, पण या वेळी बंद पडली नाही. वारुळाशी कोणी नव्हतं. समाधानने मातीतला पंजाचा ठसा दाखवला. उघड्या पायाच्या माणसाचा असावा तसा, फक्त पुढे नखांच्या टोचण्या. मी वाकून तो नीट पाहिला. बोटंसुद्धा मोजली.

पुढे जंगलातल्या धरणाच्या पाण्याशी आम्ही थांबलो. तासभर काही नाही. ताई गप्प होती. खरंच गप्प. पाण्यावर एक बगळा, पलीकडे उतरणीवर दगड आणि वाळकं गवत. ऊन तिरपं झालं, पाणी तांबूस दिसू लागलं. रोही येऊन पाणी पिऊन गेले. आणि मग समाधानचं बोट हळूच वर गेलं.

समोरच्या उतरणीवरून ती येत होती. डोकं खाली, पाय आत वळवून टाकत, दुडकत. आणि तिच्या पाठीवर, खांद्याच्या मागे, काळ्या केसांत बुडालेलं एक छोटं तोंड. दुर्बीण ताईने माझ्या हातात कधी दिली ते कळलं नाही. मला त्याचे कान दिसले. ते हिसक्यासरशी डावीकडे घसरायचं, मूठभर केस धरून पुन्हा वर चढायचं. ती पाण्याशी वाकली, तेव्हा ते मानेवरून जवळजवळ पाण्यात पडलं आणि कसंबसं सावरलं. मला हसू फुटलं. मी श्वास घेत होते, डोळे उघडे होते, भीती जागच्या जागी होती, आणि तिच्यासकट मी इतकी आनंदात होते की सांगता येत नाही.

"बस खाली!" ताई दबक्या आवाजात म्हणाली आणि माझी ओढणी ओढली. मी सीटवर उभी राहिले होते. नीट दिसावं म्हणून.

पाणी पिऊन ती वळली आणि ज्या वाटेने आली त्याच वाटेने, पाठीवरचं ओझं सांभाळत, गवतात शिरली. मग समाधान म्हणाला, "मॅडम, तुमच्या नशिबात होतं. मी इतके वर्षं येतो, इतका वेळ पानी पिताना मलेही कमीच दिसली."

परतीच्या रस्त्यावर दिवेलागणीच्या सुमारास बुलढाण्याचे दिवे लागलेले दिसले. अंग ठेचून निघालं होतं, केसांत पावशेर धूळ होती, बरगडी दुखत होती. ताई गुडघे चोळत होती, तिने ते आधी लपवलं होतं. मी विचारलं, "खूप दुखतंय?" ती म्हणाली, "दुखते ना. पर दुखनं घरी बसूनही दुखते." मी त्याच बसल्या जागी अकोल्याच्या बाईंना निरोप पाठवला, की आम्हा दोघींची नावं पक्की करा. घरी पोचेपर्यंत थांबले असते तर कदाचित पुन्हा फाइल उघडली असती.

रात्री झोपताना मला वाटलं, इतकी वर्षं मी ताईला जपते आहे असं समजत होते. ती पडेल, ती थकेल, तिला झेपणार नाही. आपल्या माणसाची काळजी करणं हा घरी बसायचा सर्वांत सभ्य मार्ग असतो. कोणी नावं ठेवत नाही, उलट कौतुक करतात. अंबोसेलीत काय होईल मला ठाऊक नाही. विमानात मी कदाचित पुन्हा ताईच्या बाहीत तोंड खुपसेन. पण हत्ती समोर आले की बाहेर काढेन, एवढं मात्र आता नक्की.

सोमवारी सकाळी तिला सोडायला स्टँडवर गेले. मेहकरची गाडी लागली होती, पुढे डोणगावला जाणारी. ताईचा दुसरा कपड्यांचा जोड पिशवीत तसाच होता. तिने धुळीने माखलेला सफारीच घातला होता. खिडकीची जागा पकडून ती ऐटीत बसली. मी खाली खिडकीशी उभी. कंडक्टर तिकिटं देत तिच्यापर्यंत आला आणि तिच्या अवताराकडे पाहून थबकला.

"कुठं जायचं, मावशी?"

"आफ्रिका," ताई म्हणाली. "ऑगस्टात."

आजूबाजूच्या माना वळल्या. कंडक्टर गंभीर चेहऱ्याने मशीनकडे पाहत म्हणाला, "आफ्रिकेचा स्टॉप याच्यात येत नाही, मावशी."

"म्हाईत हाये मले. आज तुमी डोणगावचं द्या."